लेकरांची स्वप्ने आणि वडीलधाऱ्यांचा आवाज

‘मोठेपणी तू कोण होणार?’ हा प्रश्न आपण लहान मुलांना सहज कौतुकाने विचारतो. उत्तरेही ठरावीक असतात. कुणाला पोलीस व्हायचे असते, कुणाला शिक्षिका, कुणाला डॉक्टर. एखाद्याला एस. टी.चा ड्रायव्हर व्हावेसे वाटते, कारण एवढी मोठी गाडी त्या माणसाच्या हाताने वळते. आपण हसतो आणि विसरून जातो. परंतु या उत्तरांत आपल्याविषयीची एक साक्ष दडलेली असते. पाच वर्षांच्या लेकराला पगार समजत नाही; मात्र कोण आल्यावर घरातील माणसे उठून उभी राहतात, कुणाला खुर्ची मिळते आणि कुणाला दाराशी ताटकळत ठेवले जाते, हे त्याला नेमके कळते. जेथे मान दिसतो, तेथे त्याचे स्वप्न धावते.

म्हणूनच आपल्या यवतमाळ जिल्ह्यात एक उत्तर क्वचितच ऐकू येते, याचा विचार करावयास हवा. कापूस पिकविणाऱ्या या मुलखात ‘मी शेतकरी होणार’ असे म्हणणारे मूल विरळाच. महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी व चार मुलांसह जीवनाचा अंत केला. त्या चार लेकरांना मोठेपणी कोण व्हावयाचे होते, हे आता कुणालाही सांगता येणार नाही. पुढे २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष साहाय्य जाहीर केले, त्यांत आपला जिल्हा होता. २०१९ साली यवतमाळला भरलेल्या साहित्य संमेलनाचे उद्घाटन वैशाली येडे यांनी केले, त्या आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी म्हणूनच. ही दुःखे घराघरांत बोलली जातात आणि मुले ती ऐकत असतात.

अशा वेळी बाप म्हणतो, ‘पोरा, काहीही हो, पण या मातीत राहू नकोस.’ ही इच्छा पाप आहे काय? मुळीच नाही. आपल्या वाट्याचे कष्ट लेकराच्या वाट्याला येऊ नयेत, असे वाटणे हे पितृधर्माला धरूनच आहे. पण त्या वाक्यात माया आणि निराशा एकत्र मिसळलेल्या असतात. मुलाच्या कानी पडते ते असे : बापाचे काम कवडीमोल आहे, म्हणजे बापही तसाच. खरा नैतिक प्रश्न येथे आहे. स्वतःच्या जिण्याचा तिरस्कार न शिकविता मुलासाठी वेगळे जिणे कसे इच्छावे?

हे अशक्य नाही. पुसद तालुक्यातील गहुली येथे १९१३ साली बंजारा शेतकरी कुटुंबात जन्मलेले वसंतराव नाईक वकील झाले आणि अकरा वर्षांहून अधिक काळ राज्याचे मुख्यमंत्री राहिले; तरी त्यांचा जन्मदिवस, १ जुलै, आपण कृषी दिन म्हणून पाळतो. शिकून पुढे जाणाऱ्याने मातीकडे पाठ फिरविलीच पाहिजे, असे नाही.

आणखी एका शेतकऱ्याच्या मुलाची गोष्ट आपल्या परिचयाची आहे. संत जॉन बॉस्को १८१५ साली इटलीतील एका खेड्यात जन्मले. दोन वर्षांचे होण्याआधीच त्यांचे वडील वारले. नऊ वर्षांच्या सुमारास त्यांना स्वप्न पडले : भांडणाऱ्या, वाईट बोलणाऱ्या मुलांना माराने नव्हे, मायेने जिंकावयाचे आहे. सकाळी घरात त्याचे चार अर्थ निघाले. एक भाऊ म्हणाला, हा मेंढपाळ होणार. सावत्र भाऊ अंतोनी म्हणाला, हा दरोडेखोरांचा म्होरक्या होणार. आजी म्हणाली, स्वप्नांकडे लक्ष देऊ नये. कदाचित हा धर्मगुरू होईल, एवढेच आई मार्गारेट म्हणाली. तिच्या त्या ‘कदाचित’मध्ये पालकत्वाचे सारे शहाणपण आहे. तिने स्वप्न मोडले नाही आणि मुलावर लादलेही नाही. शेतावर राबणाऱ्या हातांची गरज आहे म्हणून अंतोनीने पुढे शिक्षणाला विरोध केला, तेव्हा मात्र ती मुलाच्या पाठीशी उभी राहिली.

पवित्र शास्त्रातील बालक शमुवेलाची कथाही हेच सांगते. रात्री त्याला हाक ऐकू आली आणि ती वृद्ध एलीची समजून तो तीनदा त्याच्याकडे धावत गेला. मुले अशीच असतात; आतून येणारी हाक त्यांना वडीलधाऱ्यांची वाटते. एलीची दृष्टी मंदावली होती. त्याला त्या मुलाच्या सेवेची गरज होती. तरीही आपण हाक मारली नाही, असे त्याने प्रामाणिकपणे सांगितले आणि ऐकावे कसे, हे शिकवून मुलाला परत पाठविले. सकाळी कळलेला निरोप तर एलीच्याच घराण्याविरुद्ध होता. तोही त्याने ऐकून घेतला.

आपली अपुरी राहिलेली इच्छा मुलाच्या तोंडी घालताना आईवडिलांनी एलीला आठवावे. पाचारणासाठी मुले शोधणाऱ्या आम्हा धर्मगुरूंनाही हाच नियम लागू आहे. मुलाचे उत्तर आपल्या मनासारखे नसले, तरी ते पुरते ऐकून घ्यावे. आणि ज्या कामाला आपल्या लेकरांच्या स्वप्नांत जागा उरली नाही, ते काम करणारा माणूस उद्या आपल्या दारी आला, तर आपण उठून त्याला खुर्ची द्यावी. लेकरे पाहत असतात.