चुकलं तर कोणाचं बिघडतं?

साध्या लंबकाचा प्रयोग करून गुरुत्वत्वरणाची किंमत काढायची असते. ती 980 च्या आसपास यायला हवी, हे अकरावी-बारावीच्या वर्गात प्रयोगाआधीच सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून पिढ्यानपिढ्या मुलं उत्तराकडून उलटी चालत येतात. आधी 980 ठरवायचे, मग त्याला साजेशी रीडिंग मांडायची, आणि सगळं फारच जुळलेलं दिसू नये म्हणून एखादं रीडिंग मुद्दाम थोडं हलवायचं. प्रयोगवहीवर सही होते. यात लबाडी कमी आणि परिस्थितीची नेमकी जाण जास्त आहे. तो आकडा चुकल्यानं कोणाचंच काही अडत नाही, हे मुलांनी बरोबर ओळखलेलं असतं.

वर्ग जगाशी जोडायचा म्हटलं, की हल्ली आधी पडदा विकत घेतला जातो. डिजिटल फळा येतो, टॅब येतात. त्यांची सोय नाकारण्यात अर्थ नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि 2020 साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. पुस्तकात नसलेलं बरंच काही त्या चौकोनामागून मुलांपर्यंत पोचू लागलं. पण पडद्यावरचा ज्वालामुखी कितीही सुंदर फुटो, पाहणाऱ्याच्या हातून त्यात काही घडत नाही आणि बिघडतही नाही. जग वर्गात आलं खरं, पण पाहुणा म्हणून.

याच्या नेमकं उलट काम पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या पाबळला झालं. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेतून पीएच.डी. केलेले अन्नतंत्रज्ञ. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून त्यांनी 1983 मध्ये या दुष्काळी गावात विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून शाळांसाठी जो अभ्यासक्रम घडला, त्यात आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस हातानं काम करायचं असतं. वेल्डिंग, सुतारकाम, वायरिंग, शेती, जनावरांची निगा, अन्नप्रक्रिया, रक्तगट तपासणी. मूळ कल्पना अशी की हे काम गावासाठी करायचं आणि त्याचे पैसे घ्यायचे. पैसे घेण्याचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. फुकट मिळालेल्या वाकड्या स्टुलाचं लोक कौतुक करतात. पैसे मोजलेलं स्टूल डुगडुगलं, तर ते परत येतं.

पाबळमधलं भूजलाचं काम या दृष्टीनं पाहण्यासारखं आहे. बोअर कुठे घ्यायची हे ठरवायला आपल्याकडे पाणाडी बोलावतात. तो तळहातावर नारळ धरून शेतात फिरतो. विज्ञान आश्रमानं तिथे भूविद्युत रोधमापक आणला. जमिनीत एका ओळीत चार सळया ठोकायच्या, बाहेरच्या दोघींतून वीज सोडायची आणि आतल्या दोघींमधलं व्होल्टेज मोजायचं. सळयांमधलं अंतर वाढवत नेलं, की अधिक खोलवरचा अंदाज येतो. कोरडा, अखंड काळा पाषाण विजेला फार रोध करतो. भेगाळलेला, पाणी धरलेला खडक त्या मानानं कमी. मुळाशी शाळेतलाच ओहमचा नियम. फरक इतकाच की इथे उत्तर पुस्तकाच्या शेवटी छापलेलं नाही. ज्याची जमीन आहे तो बांधावर उभा आहे, आणि आकड्यावर विसंबून तो कर्ज काढून बोअर मारणार आहे. इथे रीडिंग उलट्या बाजूनं मांडायची सोयच नाही, कारण उलटं यायला उत्तर हवं आणि ते जमिनीखाली आहे. शिवाय आकडा बरोबर घेऊनही बोअर कोरडी जाऊ शकते. मोजमाप म्हणजे खात्री नव्हे, हे मुलांना इथे कोणी वेगळं शिकवावं लागत नाही.

2002 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्यानं पाबळला फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू घडवण्याची कार्यशाळा, उभी राहिली; एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ती एक. पण यंत्रं भारी नसली तरी चालतं. गणिताच्या पुस्तकातलं शेत नेहमी आयताकृती असतं, गावातलं कधीच नसतं. दहा गुंठ्यांचा एक वेडावाकडा तुकडा घ्या. टेपनं त्याचे त्रिकोण पाडा आणि हेरॉनच्या सूत्रानं क्षेत्रफळ काढा. मग फोन हातात धरून बांधावरून चक्कर मारा आणि ॲप काय सांगतं ते पाहा. शेवटी सातबारा काढा. तिन्ही आकडे बहुधा जुळणार नाहीत, आणि धडा तिथून सुरू होतो. दहा गुंठे म्हणजे साधारण 32 मीटर बाजूचा चौरस. फोननं प्रत्येक बाजूत तीन मीटर कमी धरले, तर क्षेत्रफळ 18 टक्क्यांनी घटतं. भाऊबंदकीत हाताएवढ्या बांधावरून कोर्टात गेलेली घरं ज्या गावात आहेत, तिथे 18 टक्के म्हणजे काय हे समजवावं लागत नाही.

कामातून शिकण्याच्या या विचाराला एक जुना आणि रास्त आक्षेप आहे. 1937 च्या वर्धा परिषदेनंतर गांधीजींची हाताच्या कामातून शिकवणारी नई तालीम पुढे आली, तेव्हाच काहींना वाटलं की हस्तोद्योग गरिबांच्या मुलांना आणि पुस्तकं बाकीच्यांना, अशी वाटणी होणार. 1953 मध्ये मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजाजींनी ती भीती खरी करून दाखवली. मुलांनी अर्धा वेळ शाळेत आणि उरलेला वेळ घरचा धंदा शिकण्यात घालवावा, अशी ती योजना. जातीचा धंदा पुन्हा गळ्यात बांधण्याचा हा डाव आहे म्हणून लोक उसळले. राजाजी पायउतार झाले आणि 1954 मध्ये कामराज सरकारनं योजना गुंडाळली. बरं झालं. ज्या घरांनी शेण-माती-चामड्यातून सुटायला मुलं शाळेत घातली, त्यांना ‘कामातून शिक्षण’ ऐकून धास्ती वाटली तर तिला अडाणीपणा म्हणू नये. पाबळच्या वाटेत त्यावर एक उतारा आहे: काम जातीनं वा घरानं ठरत नाही. मुलगी वेल्डिंग करते, मुलगा चिक्की बनवतो, आणि डॉक्टरचा मुलगा असेल तर त्यालाही गोठ्यात उतरावं लागतं. जिथे डॉक्टरांच्या मुलांना यातून सूट आहे, तिथे तो जुना आक्षेप आजही लागू पडतो.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांकडे शिकायला ठेवले आहेत. दहा दिवसांत कुंभाराच्या चाकाबरोबर फोटो निघतो, मडकं निघत नाही. आठवड्यातला एक दिवस, तीन वर्षं, हे प्रमाण वेगळं आहे. त्यासाठी वेळापत्रक मोडावं लागतं आणि शिकवायला माणूस लागतो. पाबळच्या पद्धतीत ही जागा गावातला वायरमन, फॅब्रिकेटर किंवा आश्रमातच शिकून बाहेर पडलेला तरुण घेऊ शकतो. त्याच्याकडे बी.एड. नसते. मुलांच्या हातचा बोर्ड जळाला तर रात्री ज्याच्या दारात लोक येतील, तो हा माणूस. शिक्षकांच्या खोलीत त्याची खुर्ची कुठे ठेवायची, पगाराच्या कोणत्या कलमात त्याला बसवायचं आणि त्याचा शेरा प्रगतिपुस्तकात धरायचा की नाही, हे प्रश्न टॅबच्या निविदेपेक्षा बरेच अवघड आहेत. म्हणूनच निविदा लवकर निघतात.