विरक्तीचे अंतर

विरक्ताने संसारापासून किती दूर राहावे? मावळात हा प्रश्न कातळातच कोरलेला आहे. कार्ल्याचे चैत्यगृह घरदार सोडलेल्या भिक्खूंचे. पण बोरघाटाने कोकणात उतरणारा व्यापारी मार्ग त्याच डोंगराखालून जाई. तिथले लेख सांगतात, की हे शैलगृह वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने उभे केले, काही खांब धेनुकाकटच्या यवनांनी दिले आणि भिक्खूंच्या वर्षावासासाठी, म्हणजे पावसाळी मुक्कामासाठी, क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने करजिक गाव दिले. मग ही विरक्ती खोटी ठरते का? मला तसे वाटत नाही. विरक्ती म्हणजे संबंध तोडणे नव्हे, तो योग्य अंतरावरून राखणे. हे अंतर कसे साधते, ते हौशी रेडिओवाल्यांचा घरी केलेला मॅग्नेटिक लूप अँटेना स्पष्ट करतो.

22 मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या नळीचे 1 मीटर व्यासाचे कडे करून त्याच्या मोकळ्या टोकांमध्ये कपॅसिटर बसवला, की ते 14 मेगाहर्ट्झला जुळवता येते. केबल मात्र या कड्याला जोडत नाहीत. केबलच्या टोकाला सुमारे 20 सेंटिमीटर व्यासाचे छोटे कडे करून ते मोठ्या कड्याच्या आत, कपॅसिटरच्या समोरच्या बाजूला धरतात. धातूला धातू लागत नाही; शक्ती पोचते ती चुंबकीय क्षेत्रातून. छोटे कडे फार सलगीला आणले किंवा फार लांब ठेवले, तरी शक्ती माघारी फिरते. माघारी फिरणारी शक्ती दाखवणाऱ्या एसडब्ल्यूआर मीटरच्या काट्यावर नजर ठेवून ते किंचित दाबत, वाकवत जागेवर आणावे लागते. मग 100 वॅटवर न शिवलेल्या कड्यात पंचवीसेक अँपिअर प्रवाह वाहतो.

तांब्यावरून माणसाबद्दल काही सिद्ध होत नाही, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. पुरावा कार्ल्याच्या लेखांचा. अँटेना फक्त एवढे दाखवतो, की स्पर्श नसणे म्हणजे संबंध नसणे नव्हे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: दानावर जगणारा मठ दात्यांचा मिंधा होतो, सुखावतो. होतोही. अँटेनातही असेच घडते. मोठ्या कड्याचा विकिरण रोध, म्हणजे लहरी होऊन बाहेर जाणाऱ्या शक्तीचा वाटा ठरवणारा रोध, जेमतेम 0.1 ओम असतो. तेवढ्याच रोधाचा एक कच्चा जोड राहिला, तर निम्म्याहून अधिक शक्ती उष्णतेत जाते. छोटे कडे पुन्हा जुळवले की मीटर तरीही समाधानी दिसतो. दात्यांशी उत्तम जुळले म्हणून विरक्ती खरी ठरत नाही. आतले जोड निर्मळ लागतात. पण यावर उपाय संपूर्ण एकांत नाही. अँटेना ज्या जोडणीतून बोलतो, तिच्यातूनच ऐकतो. ती तोडली तर दोन्ही थांबते.

म्हणून विरक्त किती लांब गेला हे मोजू नये. त्याला मिळालेल्यापैकी आत किती जिरले आणि जगापर्यंत किती पोचले, हे पाहावे.