‘बाहेर काही मिळत नाही’ हे मला पुन्हा ऐकायचं नाही

मान वर कर आणि माझ्याकडे बघ. पुण्याहून कराडला येताना तू वाटेत वडापाव खाल्लास, हे मला तुझ्या आईकडून कळलं, तुझ्याकडून नाही. विचारलं तर उत्तर काय? “बाई, भूक लागली होती, स्टँडवर दुसरं काही मिळतच नाही.” आणि वर हेही, की एवढ्याशा पावाने काही झालं नाही, पोटसुद्धा दुखलं नाही.

पोट दुखलं नाही, हा कसला पुरावा? तुला मी विज्ञान शिकवलंय. सिलिअ‍ॅकमध्ये, म्हणजे तुझ्या या आजारात, गव्हा-जवातलं ग्लूटेन पोटात गेलं की शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. अन्नरस शोषून घेणारे अस्तरावरचे सूक्ष्म उंचवटे झिजून सपाट होतात. हे होताना दरवेळी दुखेलच असं नाही. लोहाच्या गोळ्या घेऊनही तुझं हिमोग्लोबिन वर्षभर वर येत नव्हतं, तेव्हा तरी तुझं पोट कुठे दुखत होतं? दिवसाला 50 मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने दिलं तरी आतड्याला इजा होते, हे अभ्यासात दिसलेलं आहे. 50 मिलिग्रॅम म्हणजे पावाचा तुकडाही नाही, चुरा. मैत्रिणी म्हणतात ‘एका घासाने काय होतंय’, आणि तू मान डोलावतेस!

हा आजार असलेल्या मुलांना गहूच आजारी पाडतो, हे सिद्ध करायला विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाला वर्षानुवर्षं झगडावं लागलं. 1944-45च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार होती, पाव मिळत नव्हता, आणि सिलिअ‍ॅकची मुलं तेव्हा सुधारली. पाव परत आला तशी ती पुन्हा खालावली. 1950मध्ये त्याने यावर प्रबंध लिहिला. त्याआधी कित्येक मुलं कारण न कळताच गेली. तुझ्या हातात कारणही आहे आणि उपायही. उपाय एकच आहे, गहू, जव आणि ग्लूटेन असलेलं सगळं जन्मभर वर्ज्य. या आजाराला औषध नाही, म्हणून तर मी चिडले आहे.

आता तुझ्या ‘काही मिळत नाही’कडे येऊ. कोणत्या मुलखात राहतेस तू? स्टँडवर केळी नव्हती? पेरू, काकडी नव्हती? सालासकट भाजलेल्या नाहीतर उकडलेल्या शेंगा, निखाऱ्यावरचं कणीस, शहाळं, उकडलेली अंडी? शेंगदाण्याची चिक्की आणि राजगिऱ्याचा लाडू तर पाकिटात मिळतो, मागची बाजू वाचून घेता येतो. आपल्याकडे प्रवासाला दुधात पीठ भिजवून केलेल्या ज्वारीच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून न्यायची रीत आहे. तुझी आजी तेच नेत असे. तुला डबा न्यायचा कंटाळा आहे, तेवढं कबूल कर. दोष स्टँडला देऊ नकोस.

आणि जिथे तू स्वतःला फार सावध समजतेस, तिथेच फसतेस. मागे पाव टाकून नुसता वडा खाल्लास आणि मला अभिमानाने सांगितलंस. बेसनाचा वडा, मान्य. पण त्याच कढईत सामोसे तळतात, त्याच तेलात मैदा उतरतो. साबुदाणा वड्याचंही तेच, उपवासाचा म्हणून आपोआप तुझ्यासाठी चांगला ठरत नाही. भेळेत पुरी असते. इडली तांदळाची, पण सांबारात बाजारचा हिंग पडतो, आणि त्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. थालीपिठाच्या भाजणीत अनेक घरी मूठभर गहू घालतात. नाचणीची बिस्किटं म्हणून पुडा घेतलास, त्यावरची यादी वाचलीस का? बहुतेकदा त्यात मैदा असतोच. कॉर्नफ्लेक्समध्ये बऱ्याचदा जवाचं माल्ट असतं, दुधात घालायच्या माल्टच्या पावडरीतही तेच. पुड्यावर ‘ग्लूटेन-फ्री’ छापायचं तर आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची मर्यादा किलोमागे 20 मिलिग्रॅम आहे. गहू वापरला असेल तर तशी सूचना छापणंही बंधनकारक आहे. सरकारने तुझ्यासाठी अक्षरं छापून घेतली, आणि तू पुढचं रंगीत चित्र बघून पुडा फोडतेस.

डबा म्हणजे सुरक्षित, असंही समजू नकोस. तुझ्या आईने भाकरीचं पीठ कुठून दळून आणलं? कोपऱ्यावरच्या गिरणीतून. तुझ्या ज्वारीच्या आधी त्या जात्यात कुणाचा तरी गहू दळला गेला, आणि तो तुझ्या पिठात आला. ज्वारी निवडून, धुवून, वाळवून घरीच दळायची. घरघंटी घेतलीत तर तिच्यात गव्हाचा दाणाही पडू द्यायचा नाही. परात आणि तवाही वेगळा. आईला त्रास होईल म्हणतेस? तुझी सलाईन लावलेली रात्र तिने बाकड्यावर बसून काढली, तो त्रास नव्हता?

खरं कारण मला माहीत आहे. तुला विचारायची लाज वाटते. चार जणांत वेगळं दिसायला नको, गाडीवाल्यासमोर चौकशी नको. ही लाज सोड. आणि विचारताना ‘ग्लूटेन आहे का’ असं विचारू नकोस, तो बिचारा ‘नाही नाही’ म्हणून मोकळा होईल. त्याला कळेल असं विचार : यात गहू, मैदा, रवा, कणीक काही घातलंय का? हिंग कुठला? याच तेलात आणखी काय तळता? भाकरी पोळीच्याच तव्यावर टाकता का? उत्तर देताना तो अडखळला तर खायचं नाही. केळं सोलायचं आणि पुढे जायचं. ज्या मैत्रिणी यावर हसतील त्यांना माझ्याकडे पाठव, त्यांच्याशी मी वेगळं बोलेन.

उद्या पुण्याला निघताना बॅग घेऊन आधी माझ्याकडे ये. फुटाणे, खारे दाणे, राजगिऱ्याचे लाडू आणि दशम्या दिसल्या पाहिजेत, आणि एक वहीसुद्धा. बाहेर जे जे खाशील ते त्यात लिहायचं, कुठे आणि काय विचारून खाल्लं तेही. या आजारासाठी डॉक्टरांनी सांगितलेली टीटीजीची रक्ततपासणी तू दोनदा टाळली आहेस. ती याच आठवड्यात करायची आणि कागद मला दाखवायचा. आता जा, आणि आईला जाऊन खरं काय ते सांग.