घराचे दार आणि मनाचा द्वारपाल



गेल्या वर्षी आमच्या वस्तीतील एका कुटुंबाने धम्मदीक्षा घेतली. त्याच दिवशी घरातील थोरल्या मुलाने चौकटीवर टांगलेली लिंबू-मिरची आणि काळी बाहुली काढून टाकली, उंबऱ्यावर ठोकलेली घोड्याची नालही उपटली. त्रिशरण, पंचशील झाले. बावीस प्रतिज्ञा झाल्या. मंडळी पांगल्यावर घरातील आजीने मला बाजूला बोलावले आणि हळूच विचारले, "गुरुजी, दार उघडं बोडकं झालं. आता घर कोण राखील?"

तिचा नातू हसला. मला मात्र हसू आले नाही. ज्यांची घरे पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर होती आणि ज्यांच्या छपराला कोणीही काडी लावून जावे, त्या माणसांचे भय खोटे नव्हते. त्यावर त्यांना दिला गेलेला उपाय तेवढा खोटा होता. खोटा उपाय काढून घ्यायचा आणि खऱ्या भयापुढे माणसाला रिकाम्या हाताने उभे करायचे, हे धम्माचे काम नव्हे. म्हणून आजीच्या प्रश्नाचे उत्तर आपण नीट दिले पाहिजे.

तथागतांनी शिकविले की, प्रत्येक घटनेला कारण असते आणि कारण दूर केले की घटना टळते. चोर घरात का शिरतो? दाराचा कोयंडा कुजक्या चौकटीत दोन आखूड स्क्रूंवर तगलेला असतो म्हणून शिरतो. आपण बाजारातून भारी कुलूप आणतो. चोर कुलपाला हातही लावीत नाही. पहार घालून कोयंडाच उचकटतो. तेव्हा कुलपाआधी चौकट पाहावी. कोयंडा नट-बोल्टने आरपार आवळावा. आतून लाकडी अडसर असावा, बाहेर दिवा असावा. कडबा आणि सरपण भिंतीला लावून रचू नये, कारण आगीला घरात शिरण्याची तीच सोपी वाट असते. दारापाशी पाण्याचा पिंप आणि वाळूची बादली ठेवावी. एका बकऱ्याच्या नवसाला जेवढा खर्च येतो, त्याहून हे सारे स्वस्तात होते.

यावर एका तरुण उपासकाने मला अडविले. तो म्हणाला, "सर, सकाळी आपण सर्व प्राण्यांविषयी मैत्री चिंतितो आणि रात्री दाराला अडसर घालतो. ही विसंगती नव्हे काय?"

प्रश्न प्रामाणिक आहे. परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. त्यांच्या मते अहिंसा हे तथागतांनी तत्त्व म्हणून सांगितले, आंधळा नियम म्हणून नव्हे. तत्त्व माणसाला विचार करावयास लावते. अडसर घालणारा हात कोणाचे वाईट चिंतीत नाही. उलट, चोराला चोरी करू न देणे ही चोरावरही मैत्रीच आहे. परंतु चोर हाती लागल्यावर त्याला खांबाला बांधून दहा जणांनी बडवणे, ही त्याच घरात शिरलेली मारण्याची इच्छा होय. तेथे शील मोडले.

देशाचा कायदाही जवळजवळ हेच सांगतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये स्वतःच्या व दुसऱ्याच्या शरीराचे आणि मालमत्तेचे रक्षण करण्याचा हक्क दिला आहे. पूर्वीच्या दंड संहितेत तो कलम ९६ ते १०६ मध्ये होता. पण सरकारी संरक्षण मागण्यास वेळ असेल तर हा हक्क उरत नाही आणि रक्षणासाठी लागेल त्यापेक्षा अधिक इजा करण्याची मुभा त्यात नाही. जातीच्या द्वेषाने कोणी आपले राहते घर जाळले, तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात जन्मठेपेची तरतूद आहे. धर्मांतरामुळे हे संरक्षण गेले, अशी भीती नवदीक्षितांना कोणी घातल्यास ऐकू नये. १९९० सालच्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांचा त्या यादीत समावेश झालेला आहे.

आता थोडे पुढे जाऊ. चोर दाराने थांबतो, जमाव थांबतो काय? तामिळनाडूत तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातील कीळवेण्मणी गावी २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री, मजुरी वाढवून मागणाऱ्या दलित शेतमजुरांच्या वस्तीवर जमीनदारांच्या माणसांनी हल्ला केला. बायका, मुले, म्हातारी माणसे जीव वाचविण्यासाठी एका झोपडीत शिरली. झोपडी पेटवून देण्यात आली. ४४ माणसे जळून मेली. पुढे उच्च न्यायालयातून जमीनदार निर्दोष सुटले. ज्या भिंतींचा आसरा घेतला, त्याच भिंतींची चिता झाली. यातून घराच्या बांधणीचा धडा एवढाच की, माणसे राहतात त्या घराला बाहेर पडण्याची दुसरी वाट हवी आणि खिडकीचा एखादा गजाचा पल्ला आतून उघडता आला पाहिजे. पण जमाव दारात येऊन उभा राहिल्यावर एकट्या घराचे फारसे काही चालत नाही. जे करायचे ते त्याच्या आधी आणि सर्वांनी मिळून करायचे असते.

हा प्रश्न तथागतांच्या काळीही होता. राजा अजातशत्रूला वज्जींचे गणराज्य बुडवायचे होते. त्याने आपला अमात्य वस्सकार याला गृध्रकूट पर्वतावर तथागतांकडे पाठविले. तथागतांनी वज्जींच्या तटाची उंची विचारली नाही. वज्जी वारंवार सभा भरवितात काय, एकत्र बसतात आणि एकत्र उठतात काय, वडीलधाऱ्यांचे ऐकतात काय, स्त्रियांवर बळजोरी करीत नाहीत ना, असे त्यांनी आनंदाला विचारले. वस्सकार काय ते समजला. अट्ठकथेत पुढची कथा येते. त्याने वैशालीत राहून माणसामाणसांत संशय पेरला आणि अजातशत्रू चालून आला तेव्हा नगारा वाजूनही कोणी जमले नाही, वेशी उघड्याच राहिल्या. हाच वस्सकार पाटलिग्रामी वज्जींविरुद्ध तटबंदी उभारीत असताना तथागत तेथून गेले. हे नगर मोठे होईल, परंतु त्याला आग, पाणी आणि आपसातील फूट या तिहींपासून धोका राहील, असे त्यांनी सांगितले. आपल्या वस्तीचा तट म्हणजे रविवारची विहारातील बैठक. कोणाच्या घरी म्हातारे माणूस एकटे आहे, रात्री हाक आली तर कोणी धावायचे, ११२ क्रमांकाला फोन कोणी करायचा, ही वाटणी तेथे व्हावयास हवी. आमच्याकडे वर्गणीच्या हिशेबावरून दोन आळ्या एकमेकींशी बोलत नाहीत. लोखंडी दार बसविण्यापेक्षा ते भांडण मिटविणे अधिक निकडीचे आहे.

शेवटी स्वतःची एक गोष्ट सांगतो. सांगताना लाज वाटते.

तीन वर्षांपूर्वी माझ्या घरी चोरी झाली. आईची तांब्याची भांडी गेली. मी कर्ज काढून लोखंडी दार बसविले, दोन कड्या लावल्या. त्या पावसाळ्यात एका रात्री दारावर थापा पडल्या. बाहेर बाईचा आवाज होता, पण पावसाच्या माऱ्यात शब्द कळेनात. मी हातात काठी घेऊन दाराआड उभा राहिलो आणि श्वास रोखून धरला. थापा थांबल्या. सकाळी कळले की शेजारच्या ताईच्या मुलाला तापात झटके आले होते आणि ती माझ्या मोटारसायकलसाठी आली होती. शेवटी दुधाच्या टेम्पोतून तिने मुलाला तालुक्याला नेले. मुलगा वाचला. ती मला एका शब्दानेही बोलली नाही. अजूनही 'गुरुजी' म्हणते, आणि ते ऐकताना माझी मान खाली जाते.

अंगुत्तर निकायात सीमेवरील नगराची उपमा आहे. त्या नगराला भक्कम खांब आहे, खंदक आहे, शस्त्रे आहेत, लिंपलेला तट आहे. परंतु वेशीवर एक शहाणा द्वारपालही आहे. तो अनोळखी माणसाला अडवितो आणि ओळखीच्याला आत घेतो. हा द्वारपाल म्हणजे स्मृती, म्हणजे जागे मन. त्या रात्री माझ्या घराला तट होता, द्वारपाल नव्हता. भयाने माझे डोळे मिटले होते आणि मिटल्या डोळ्यांना शेजारीण व दरोडेखोर सारखेच.

नंतर मी त्या दारात डोळ्याच्या उंचीवर जाळीचा झरोका पाडून घेतला आणि बाहेर दिवा लावला. आता थाप पडली की आधी पाहतो, नाव विचारतो, आणि उघडतो. दार भक्कम असावे ते एवढ्यासाठीच, की ते न भिता उघडता यावे.

त्या आजींनाही मी हेच सांगितले. पुढच्या रविवारी त्यांच्या नातवाने आणि मी मिळून त्यांच्या दाराचा कोयंडा नव्याने बसविला. चौकटीवर जेथे काळी बाहुली होती, तेथे आता दिवा आहे. त्याचा उजेड शेजारच्या दोन घरांच्या पायऱ्यांवरही पडतो.