खाक्यावरचा चेहरा

निकोलाओ मनुची या व्हेनिसच्या भटक्याने १६८६ च्या आधी मीर मुहम्मद नावाच्या चिताऱ्याकडून हिंदुस्थानातल्या राजेरजवाड्यांची चित्रे काढून घेतली. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात असलेल्या या संचात घोड्यावर स्वार झालेले शिवाजी महाराज आहेत आणि तैमूरही आहे. तैमूर १४०५ सालीच वारला. तो काही मीर मुहम्मदसमोर बसला नव्हता.

महाराज खरेच कसे दिसत होते, हा प्रश्न मराठी माणसाला फार जिव्हाळ्याचा. १९३३ मध्ये इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी महाराजांचे चित्र उजेडात आणले, त्याआधी इब्राहिमखान नावाच्या कुणाचे तरी चित्र महाराजांचे म्हणून चालत होते. पण खरेखोटेपणाचा वाद घालताना चित्र तयार कसे व्हायचे, हे सहसा कुणी विचारत नाही.

तर, हरणाचे पातळ कातडे जुन्या चित्रावर पसरायचे, रेषा गिरवायच्या आणि त्यांवर सुईने भोके पाडायची. मग हा खाका कोऱ्या कागदावर ठेवून वर कोळशाच्या पुडीची पुरचुंडी थापटायची. रांगोळीच्या छाप्यासारखीच ही युक्ती. खाली उमटलेले ठिपके जोडून घेतले की खारीच्या शेपटीच्या केसांच्या कुंचल्याने सफेदा, हिंगूळ, प्यावडी, नीळ असे थरावर थर चढवायचे. अधूनमधून कागद पालथा घालून अकीकाने घोटायचा, म्हणजे रंग कागदात बसतो. मोती मात्र घोटायचे नाहीत. सफेद्याचा तो ठिपका मुद्दाम उंच ठेवलेला असतो, बोटाला लागेल इतका.

कामही वाटून दिलेले असे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातल्या अकबरनाम्यात ११६ चित्रे आहेत. त्यांच्या समासात आखणी कुणाची, रंग कुणाचे याच्या नोंदी आहेत, काही ठिकाणी तर चेहऱ्यांसाठी तिसरेच नाव आहे. एका चेहऱ्यात डोळे आणि भुवया दुसऱ्याने काढल्या असतील तर तेही आपण ओळखतो, अशी जहांगीरने आत्मचरित्रात बढाई मारली आहे. बढाई असेल, पण चेहराही दोघांत वाटून देता येतो यात बादशहाला वावगे वाटत नव्हते, हे त्यातून कळतेच.

गोवळकोंड्यात सतराव्या शतकाच्या अखेरीस अशा तसबिरींचे संच युरोपियनांसाठी तयार होत. ॲमस्टरडॅमच्या निकोलास विट्सेनकडे असा ४९ चित्रांचा संच होता. तो आता तिथल्याच राइक्स म्युझियममध्ये आहे आणि त्यातही महाराज आहेत. गिऱ्हाइकाने त्यांना कधी पाहिले नव्हते. चिताऱ्याने पाहिले होते, असे मानायलाही आधार नाही.

म्हणून ही चित्रे खोटी ठरत नाहीत. खाका बाजूने दिसणाऱ्या चेहऱ्याची रेषा, म्हणजे नाक, कपाळ, दाढीचे टोक, बऱ्यापैकी इमानाने पुढे नेतो. वर्ण, वय, अंगकाठी मात्र रंग भरणाऱ्याच्या हाती राहते. त्यामुळे नाकाबद्दल या चित्रांचे ऐकावे, वर्णाबद्दल ऐकू नये. आणि दहा चित्रांतले नाक जुळले म्हणून दहा साक्षीदार मिळाले असेही नव्हे. दहाही जण एकाच खाक्याची साक्ष देत असतील.

आपल्याकडे ही चित्रे पुस्तकांत, कॅलेंडरांवर, भिंतींवर सर्रास छापली जातात आणि खाली फक्त महाराजांचे नाव असते. प्रकाशकांनी त्याखाली चित्र कुठले, कोणत्या काळातले आणि चितारी माहीत आहे की नाही, एवढी एक ओळ तरी छापावी.