आरुणीचा बांध

महाभारताच्या आदिपर्वातील आरुणीची कथा आम्ही चाळीस वर्षे कीर्तनात सांगत आलो आहोत. धौम्य ऋषींनी शिष्यास आज्ञा केली की, शेताचा बांध फुटला आहे, जा आणि तो बांध. आरुणी गेला. खटपट पुष्कळ केली, पण बांध साधेना. अखेर तो स्वतःच त्या खिंडारात आडवा झाला आणि पाणी अडले. पुढे गुरू त्याला शोधीत शेतावर आले, हाक मारली, तेव्हा तो उठला. बांध फोडून उठला म्हणून गुरूंनी त्याला उद्दालक हे नाव दिले, आणि सर्व वेद तुला प्रकाशतील, असा आशीर्वाद दिला. पाठशाळेत ही कथा आम्हांस गुरुभक्तीचा दृष्टांत म्हणून मिळाली, आणि आम्हीही ती तशीच वाटली. या कथेवर श्रोत्यांनी डोळे पुसलेले आम्ही पुष्कळ वेळा पाहिले आहेत.

काही वर्षांपूर्वी शहापूर तालुक्यात किन्हवलीच्या बाजूस एका सप्ताहात हेच आख्यान झाले. काला वाटून झाल्यावर एक वयस्क ठाकर बाई पाया पडायला आली आणि सहज बोलल्यासारखी म्हणाली, "बुवा, त्या पोराला बांध घालता येत नव्हता का?"

आम्ही हसलो. म्हटले, "अगं, ती भक्तीची गोष्ट आहे."

"ती खरीच. पण फुटल्या बांधाला आधी धोंडं टाकायचं, मग पेंढा नि पाला, मंग माती. नुसती माती टाकली तर ती जायाचीच. माणूस आडवा होऊन किती येळ निजंल?"

बाई निघून गेली. आम्हांस रात्री झोप आली नाही. वारकरी बंधुभगिनींनो, आपण सारे भावाचे भुकेले. भाव असला म्हणजे देव मिळतो, हे आमच्या संप्रदायाचे पहिले अक्षर. पण भाव असला म्हणजे बांधही साधतो काय? आणि ज्याला साधत नाही त्याने स्वतःचा देह मातीच्या जागी घालावा, हे त्याचे थोरपण म्हणावे की त्याला कोणी शिकविले नाही याची खूण? हा प्रश्न केवळ आख्यानाचा नाही. मुरबाड-शहापूरच्या मुलांपुढे तो आज उभा आहे, आणि आमच्या घरातही तो येऊन बसला.

आमची वडिलोपार्जित तीस गुंठे भातखाचरे मुरबाड तालुक्यात आहेत. आजोबा स्वतः नांगर धरीत. वडील हरिदासी करू लागले आणि आम्हांस संस्कृत पाठशाळेत घातले. जमीन अर्धेलीने गेली. दरसाल तांदूळ घरी येई, त्याचा नैवेद्य दाखविताना आम्ही ऐटीत म्हणत असू, "घरच्या शेतातला." शेतात मात्र आमचा पाय नसे. दोन वर्षांपूर्वी पुतण्याची भिवंडीच्या गोदामातली नोकरी सुटली. तो येऊन म्हणाला, "काका, जमीन मी करतो. पण आधी शिकून घेतो. शिबिराला जाणार आहे."

आम्ही चिडलो. कुणब्याच्या वंशात जन्मून शेती शिकायला शिबिर? शेती रक्तात असावी लागते. शास्त्राच्या भाषेत हा आमचा पूर्वपक्ष होता, आणि तो मांडताना आम्ही बराच मोठा आवाज लावला. पोराने एकच विचारले, "काका, रक्तात आहे तर राब कधी भाजायचा ते सांगा." आम्हांस सांगता आले नाही. फांद्या, पाला नि शेण पसरून भाताच्या रोपासाठी जमीन भाजतात, इतके ठाऊक होते. केव्हा, किती जाड, माती कितपत भाजली म्हणजे पुरे, यातले काही नाही. आजोबांच्या हातातले दोन पिढ्यांत पार धुऊन गेले होते. कला रक्तातून उतरत नाही, हातातून हातात उतरते, आणि मध्ये एक हात जरी रिकामा राहिला तरी साखळी तुटते.

मग आम्हांस छांदोग्य उपनिषदातला सत्यकाम जाबाल आठवला. हारिद्रुमत गौतमांनी त्याची मुंज केली आणि लगेच मंत्र दिला नाही. चारशे रोडावलेल्या गाई दिल्या आणि म्हणाले, यांच्या मागे जा. सत्यकामाने मनाशी ठरविले की, हजार झाल्याशिवाय परतायचे नाही. किती उन्हाळे-पावसाळे गेले असतील! रोडकी गाय जगवायची म्हणजे चारा कुठे, पाणी कुठे, विताना काय करायचे, हे सारे आलेच. परतताना त्याला बैलाने शिकविले, अग्नीने शिकविले, हंसाने आणि मद्गु पक्ष्याने शिकविले. घरी आल्यावर गुरूंनी त्याच्या तोंडाकडे पाहून म्हटले, ब्रह्म जाणणाऱ्यासारखा दिसतोस. ही कथा आम्ही ब्रह्मविद्येची म्हणून सांगतो. ती गोठ्याचीही आहे, हे पुतण्याने तोंड बंद केल्यावर कळले.

पोराबरोबर आम्हीही छत्री घेऊन बांधावर बसू लागलो. कृषी विभागाच्या शेतीशाळेत फळा नसतो. भाताचा चूड हाताने वाकवायचा, बुडाशी तुडतुडे किती ते मोजायचे, कोळी किती ते मोजायचे. कोळी तुडतुडे खातो, म्हणून तो पुरेसा दिसला तर औषध मारायचे नाही. दर आठवड्याला तेच शेत, तेच मोजणे. ही पद्धत मूळची इंडोनेशियाची. तिथे भातावर तपकिरी तुडतुड्यांचा कहर झाला, आणि औषधे मारून कीड उलट वाढली, कारण तिला खाणारेच मेले. तेव्हा १९८९ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या साहाय्याने शेतकऱ्यांना शेतातच बसवून शिकविण्याचा हा प्रकार सुरू झाला. आम्ही न्यायशास्त्रात प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द ही चार प्रमाणे घोकली, पण प्रत्यक्षासाठी इतके वाकावे लागते हे गुरुजींनी सांगितले नव्हते. आमची पाठ दोन दिवस धरली.

पुढे पुतण्या नेरळजवळ चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा बागेत जाऊन आला. त्यांचे सगुणा भात तंत्र आमच्या तालुक्यांतल्याही काही शेतकऱ्यांनी धरले आहे. त्यात चिखलणी नाही, आवणी नाही. गादीवाफे एकदा करायचे आणि पुढे मोडायचे नाहीत. लोखंडी साच्याने भोके पाडून त्यात तीनचार दाणे टोकायचे. कापणी झाल्यावर धसकटे उपटायची नाहीत, मुळे जमिनीतच कुजू द्यायची. त्याच वाफ्यांवर मग वाल किंवा हरभरा. न नांगरलेल्या जमिनीत गांडुळे येतात आणि नांगराचे काम तीच करतात.

हे ऐकून आमच्यातला शास्त्री जागा झाला. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात शेतीला एक बोल लावला आहे, तो असा की, लोखंडी तोंडाचे लाकूड भूमीला आणि भूमीतल्या जीवांना मारते. उलट ऋग्वेदातल्या जुगाऱ्याच्या सूक्तात फासे टाक आणि शेती कर, असे सांगितले आहे. या दोन वचनांचा मेळ आम्हांस कधी घालता आला नव्हता. नांगराविना शेती म्हटल्यावर वाटले, मेळ बसला! पण पोर म्हणाले, "काका, घाई करू नका. नांगरायचं नाही तर तण कशाने मरणार? त्याला तणनाशक मारतात." म्हणजे गांडूळ वाचले आणि गवतावर विष पडले. आम्ही म्हटले, मग हाताने निंदू. त्याने मजुरीचा आकडा सांगितला. आम्ही गप्प. पहिल्या वर्षी त्याने अर्ध्या वाफ्यांवर तणनाशक मारले आणि अर्धे हाताने निंदले. दोहोंतले कोणते बरे, याचा निवाडा आम्ही दिलेला नाही. चार भिंतींत बसून अहिंसेवर बोलणे फार सोपे असते एवढेच म्हणतो, आणि त्यात आम्हीही आलो.

आता अधिकाराविषयी. आमच्या शास्त्रात ग्रंथारंभीच विचारतात की, या विद्येचा अधिकारी कोण? महाराष्ट्रात १९४८ च्या कूळकायद्याने शेतजमीन विकत घेणारा सामान्यतः शेतकरीच असावा लागतो, आणि शेतकरी कोण ते सातबाराचा उतारा सांगतो. आमचे नाव सातबारावर जन्मभर आहे, म्हणून आम्ही शेतकरी. आणि जी कातकरीण आठव्या वर्षापासून लोकांच्या खाचरात आवणी करते, रोपाची मूठ सोडताना जिला किती काड्या हे बघावे लागत नाही, ती कागदावर कोणी नाही. दिवाळी झाली की ती बिऱ्हाड घेऊन वीटभट्टीवर जाते. जमिनीची विद्या तिच्याजवळ, जमीन आमच्याजवळ! समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा भाग जून २०२५ मध्ये खुला झाला, तो शहापूर तालुक्यातूनच जातो. जमिनीला भाव आला. शहरातली मंडळी येऊन कुंपणे घालतात. भातसा-तानसाचे पाणी मुंबईला जाते आणि याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात, तशातलाच हाही व्यवहार. तरी सरसकट दोष देणे बरे नव्हे. त्या कुंपणवाल्यांतले काहीजण खरोखर वाकतात, चिखलात उतरतात, शिकतात. त्यांचा भाव खोटा म्हणण्याचा अधिकार तीस गुंठे अर्धेलीने देऊन बसलेल्या आम्हांस तरी नाही.

मात्र एक गोष्ट आमच्या मनात सलते. अशाच एका शिबिरात व्याख्यात्यांना मानधन नि नारळ मिळाला, आणि ज्या दोन बायांनी प्रत्यक्ष आवणी करून दाखविली, त्यांच्या हातावर रोजाचे पैसे ठेवले. आम्ही तिथे पाहुणे म्हणून बसलो होतो, नारळ आम्हांसही मिळाला. तेव्हा आम्ही काही बोललो नाही. बोलायला हवे होते. ज्याच्याकडून विद्या घ्यायची त्याला दक्षिणा द्यायची असते, मजुरी नव्हे, हे आम्ही पाठशाळेत पहिल्या वर्षी शिकलो होतो. शहापूरच्या पूर्वेला सह्याद्री ओलांडला की अकोले तालुका. तिथल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी गावठी बियाणे जपले, घरोघरी दिले, शिकविले, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. एका राहीबाईंना देशाने ओळखले. आमच्या पाड्यांवर अशा किती आहेत, ते आम्ही कधी विचारले?

कोणी म्हणेल, बुवा, सावतोबांचे काय? त्यांनी कुठे शिबिर केले होते? ते तर अरणला मळ्यातच राहिले आणि पांडुरंग तिथे आला, अशी परंपरा आहे. खरे आहे. पण आम्ही कीर्तनकार त्या कथेतला मळा गृहीत धरतो. मोट धरून पाणी दिले गेले, खुरपणी झाली, भाजी उगवली, ती बाजारात गेली, हे सारे घडत होते म्हणूनच तो मळा होता. सावतोबांच्या हाताला ते काम येत होते. ज्याच्या हाताला काम येते त्याचेच चित्त त्या कामात मोकळे राहते आणि नाम चालते. ज्याला येत नाही त्याचे सारे लक्ष फोडांकडे. पुतण्याबरोबर आम्ही साचा दाबू लागलो तेव्हा पहिल्या दिवशी हरिपाठाची ओवीसुद्धा तोंडी आली नाही, फक्त "आई गं" आले. पंधराव्या दिवशी आली.

गेल्या वर्षी आषाढात जोराचा पाऊस झाला. गुडघ्यांमुळे आमची पायी वारी सुटली आहे, म्हणून आम्ही घरी होतो. आमच्या भागात आषाढी नि आवणी एकाच वेळी येतात, तेव्हा पुष्कळांची वारी कार्तिकावर जाते, तसे आमचेही झाले. सकाळी वरच्या खाचराचा बांध फुटला. पुतण्या खालच्या बाजूला होता. आम्ही धावलो आणि घमेल्याने माती टाकू लागलो. टाकावी आणि जावी, टाकावी आणि जावी. किन्हवलीची ती बाई समोर उभी आहेसे वाटले. खरे सांगतो, आडवे होण्याचा विचार मनात आला, आणि त्या गार पाण्याकडे पाहून गेलाही. तेवढ्यात पोर आला. त्याने आधी दगड बसविले, त्यांच्या फटीत पेंढा कोंबला, वर पाला, मग माती, मग पायाने दाबले. दगड देण्याचे काम आमचे. अर्ध्या तासात पाणी राहिले. "हे कुठे शिकलास? शिबिरात?" आम्ही विचारले. म्हणाला, "नाही काका. शेजारच्या काकूंनी दाखवलं. शिबिरात फक्त एवढं सांगितलं होतं की, शेजारच्यांना विचारा."

त्यानंतर आरुणीचे आख्यान आम्ही तीनदा लावले. आरुणीचा भाव आम्ही कमी केलेला नाही, पण आता त्याच्याजवळ धौम्यांनाही उभे करतो. शिष्य चिखलातून उठल्यावर, वेदाचा आशीर्वाद देण्याच्या आधी, गुरूने हातात दगड घेऊन त्याला बांध घालून दाखविला असेल काय, एवढे विचारून थांबतो. महाभारतात हे नाही, हेही सांगतो. एका गावी एक म्हातारे वारकरी उठून म्हणाले, "बुवा, नसलं तरी चालंल, सांगा."

पुतण्याने यंदा भात कापून त्याच वाफ्यांत वाल टोकला आहे. धसकटे तशीच आहेत. अर्धेलीने जमीन करणाऱ्या घरालाही त्याने वाटा ठेवला आहे, कारण पहिल्या वर्षी बी कसे निवडायचे ते त्यांनीच शिकविले. आम्ही उद्या दिंडीबरोबर आळंदीला निघतो, यंदा थोडे चालत, थोडे गाडीतून. वाल उगवला की नाही, ते परत आल्यावर दिसेल.