न कापण्याची मजुरी

लातूरच्या आमच्या जुन्या घराच्या अंगणात लिंबाचे एक झाड होते. (कडुनिंबाला मराठवाड्यात आम्ही नुसते लिंब म्हणतो.) एका पावसाळ्याआधी फांद्या विजेच्या तारांना टेकल्या, तेव्हा वडिलांनी लाकडाच्या वखारीवरील एका माणसाला बोलावले. त्याने पैसे मागितले नाहीत. निघेल ते लाकूड त्याचे, एवढीच अट. सौदा स्वस्तात पटला म्हणून आम्ही खूश झालो. संध्याकाळी अंगणात एक बोडका खांब उभा होता. पुढील काही वर्षांत तो आतून कुजून पोकळ झाला.

तो माणूस वाईट नव्हता. पण ज्याची मजुरीच लाकडात आहे, त्याने कोठे थांबावे हे त्याच्यावर सोपविण्यात कसला शहाणपणा होता? दाढ दुखली म्हणून पक्कड बाळगणाऱ्या सुताराकडे आपण जात नाही. झाड मात्र ओरडत नाही, म्हणून कुऱ्हाड असणारा प्रत्येक जण आपल्याला त्याचा वैद्य वाटतो.

अमेरिकन वनशास्त्रज्ञ अॅलेक्स शायगो यांनी हजारो खोडे उभी चिरून तपासली. त्यांना आढळले, की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड कुजक्या भागाभोवती आतून भिंत घालते आणि बाहेरून नवे लाकूड चढविते. फांदी खोडाला मिळते तेथे किंचित फुगीर कडे असते. त्याच्या लगत बाहेरून कापले, तर ही भिंत नीट उभी राहते; कडेच छाटले किंवा लांब खुंट ठेवला, तर कूज आत शिरते. वर डांबर फासून ती थांबत नाही. दोन बोटांचे अंतर, पण ते ठाऊक असावे लागते. परदेशांत परीक्षा घेऊन वृक्षतज्ज्ञांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था आहेत; आपल्याकडे अशी माणसे विरळच.

कायदा आहे. 1975 च्या अधिनियमाने शहरांतील वृक्षतोडीस परवानगी सक्तीची केली. 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडांना वारसा वृक्षांचा दर्जा दिला. पण कायदा कुऱ्हाड अडवितो, शुश्रूषा करीत नाही. लातूर-नांदेडवरून जाणाऱ्या रत्नागिरी-नागपूर महामार्गावरच सांगली जिल्ह्यात भोसे गाव आहे. तेथील सुमारे चारशे वर्षांचा मानला जाणारा वड 2020 मध्ये लोकांच्या आग्रहामुळे तोडीतून वाचला. 2022 च्या जूनमध्ये तो उन्मळून पडला. त्याला कशाने पाडले, हे मी सांगू शकत नाही. वाचविल्यानंतर त्याच्या मुळांची विचारपूस कोणी करायची होती, हे मात्र मला अजून सुचते.

ज्या लातूरला 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे झाडाच्या वैद्याची फी ही चैन नव्हे काय? हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. घागरीसाठी रात्र जागविणाऱ्या माउलीला वृक्षसेवेचा उपदेश करणे उद्धटपणाचे होईल. परंतु जुने झाड खोल मुळांवर तग धरते. ते गमावून रोप लावले, तर त्याला पहिली तीन-चार वर्षे घालायचे पाणी त्याच घागरीतून येणार.

2021 नंतर शेजारच्या तेलंगणात लिंबाची झाडे शेंड्याकडून करपू लागली. मेली असे समजून ती तोडू नका, हा बुरशीचा रोग आहे, बहुतेक सावरतील, असे शास्त्रज्ञ सांगत राहिले. शुभवर्तमानातील अंजिराच्या झाडाचा मालकही असाच उतावीळ होता, आणि माळ्याने मागितले होते एकच वर्ष, खणण्याला व खत घालण्याला. मालक निर्णय देऊन मोकळा होत होता. मुळाशी वाकायला माळीच तयार होता.

गेल्या पावसाळ्यात नांदेडला थोरल्या भावाच्या दारचे लिंब तसेच करपले. या वेळी आम्ही वृक्षरोग शिकलेल्या एका कृषी पदवीधरास बोलावले. त्यांनी तासभर पाहणी केली, खोडाभोवतीचे सिमेंट हातभर फोडून माती मोकळी करायला सांगितली, दोन वाळलेल्या डहाळ्या काढल्या आणि फी घेतली. “काही कापलंच नाही, मग पैसे कशाचे, दादा?” शेजाऱ्यांनी भावाला विचारले. भावाला उत्तर सुचले नाही. सिमेंट मात्र त्याने दुसऱ्याच दिवशी फोडले. आता चैत्राची पालवी येते का, इकडे सर्वांचे डोळे लागले आहेत, शेजाऱ्यांचेसुद्धा.